जनरल ग्रँट यांचें अखेरचें वर्ष

थोर पुरुषांचीं चरित्रें वाचतांना आपण त्यांच्या पराक्रमाकडे जितकें लक्ष देतों, तितकें त्यांच्या दुखण्याकडे देत नाहीं. रणांगणावरचा वीर एकदां अंथरुणाला खिळला, कीं चरित्रकारही दोन वाक्यांत त्याचा निरोप घेतो आणि आपला ग्रंथ संपवितो. परंतु माणसाच्या मनाची ओळख पुष्कळदां त्या दोन वाक्यांतच दडलेली असते. याच विचारानें आम्हीं यंदा आमच्या विद्यार्थिमित्रांकरितां अमेरिकेचे सेनापति व पुढें अध्यक्ष झालेले युलिसिस ग्रँट यांचें चरित्र निवडलें आहे. त्यांच्या लढायांचीं वर्णनें इतिहासाच्या पुस्तकांत हवीं तितकीं सांपडतील. तो भाग थोडक्यांत आटोपून आम्ही कर्करोगानें ग्रासलेल्या त्यांच्या अखेरच्या महिन्यांकडे वळणार आहों. त्या रोगानें त्यांचा घसा तर पोखरलाच, पण कांहीं काळ त्यांचें मनही पार खचविलें. आणि तें मन पुन्हां कसें सावरलें, हें सर्वांनीं जाणण्यासारखें आहे.

ग्रँट यांचा जन्म २७ एप्रिल १८२२ रोजीं ओहायो संस्थानांतील पॉइंट प्लेझंट या खेड्यांत झाला. वडील कातडीं कमावण्याचा धंदा करीत. मुलाला मात्र त्या धंद्याची लहानपणापासूनच शिसारी होती. त्याचा सारा जीव घोड्यांत. १८३९ सालीं तो वेस्ट पॉइंट येथील लष्करी विद्यालयांत दाखल झाला. तेथें जातांना कागदोपत्रीं नांवाची चूक झाली, आणि हायरम युलिसिस ग्रँट हा जन्मभर युलिसिस एस. ग्रँट होऊन राहिला. १८४३ सालीं तो बाहेर पडला, तेव्हां ३९ विद्यार्थ्यांत त्याचा क्रमांक २१ वा होता. ही गोष्ट मधल्या बांकांवर बसणाऱ्या आमच्या मित्रांनीं ध्यानांत ठेवावी. मेक्सिकोच्या युद्धांत त्यानें चांगली कामगिरी बजावली व १८४८ सालीं जूलिया डेंट हिच्याशीं त्याचा विवाह झाला. पुढें बायकामुलांपासून दूरच्या छावणींत राहावें लागल्यानें मन रमेना, म्हणून १८५४ सालीं त्यानें लष्कराचा राजीनामा दिला.

यानंतरचीं सात वर्षें अपयशाचीं गेलीं. शेती केली, ती बुडाली. सेंट लुई शहराच्या रस्त्यांवर सरपण विकावें लागलें. १८५७ च्या नाताळांत मुलांना कांहीं देतां यावें म्हणून या माणसानें आपलें सोन्याचें घड्याळ २२ डॉलरांस गहाण टाकलें. अखेरीस १८६० सालीं गलीना येथील वडिलांच्या कातड्याच्या दुकानांत कारकुनी पत्करावी लागली. घरच्यांना आपण उघड्यावर टाकणार कीं काय, ही धास्ती त्यांच्या मनांत याच वर्षांत रुजली असावी. पुढील कथेंत ती पुन्हां डोकें वर काढणार आहे.

१८६१ सालीं गुलामगिरीच्या प्रश्नावरून उत्तर व दक्षिण यांत यादवी पेटली, आणि दुकानांतला हा अबोल कारकून तीन वर्षांत साऱ्या उत्तरेचा सरसेनापति झाला. फेब्रुवारी १८६२ मध्यें त्यांनीं फोर्ट डोनेल्सन घेतला. ४ जुलै १८६३ रोजीं व्हिक्सबर्ग पडलें. आणि ९ एप्रिल १८६५ रोजीं अ‍ॅपोमॅटॉक्स येथें दक्षिणेचे सेनापति ली त्यांस शरण आले. शरण आलेल्या शिपायांस त्यांनीं घरीं जाऊं दिलें, आणि नांगरणीस उपयोगी पडतील म्हणून त्यांचे घोडेही त्यांच्याजवळ राहूं दिले. डोनेल्सनच्या लढाईंतली एक बारीकशी गोष्ट येथें सांगितली पाहिजे. त्या दिवशीं ग्रँट यांच्या हातांत चिरूट होता, असें वर्तमानपत्रांत छापून आलें, आणि कौतुकानें भारावलेल्या लोकांनीं त्यांच्याकडे चिरुटांच्या पेट्यांमागून पेट्या पाठविल्या. चिरुटांची संख्या हजारांवर गेली. पूर्वीं बेतानें ओढणारा हा मनुष्य तेव्हांपासून दिवसभर चिरूट ओढूं लागला. लोकांनीं प्रेमानें दिलेली ती भेट किती महाग पडणार होती, हें त्या काळीं कोणासही ठाऊक नव्हतें.

१८६९ पासून १८७७ पर्यंत ते अमेरिकेचे अध्यक्ष होते. मुक्त झालेल्या निग्रो नागरिकांस मताचा हक्क देणारी घटनेची पंधरावी दुरुस्ती त्यांच्याच कारकीर्दींत, १८७० सालीं, संमत झाली. मात्र ज्यांच्यावर विश्वास टाकला त्यांतील कित्येकांनीं लांचलुचपत करून त्यांच्या नांवास काळिमा लावला. माणसांवर चटकन विश्वास ठेवणें हा त्यांचा दोष त्यांस पुढेंही भोंवला. अधिकारपद सोडल्यावर त्यांनीं पृथ्वीप्रदक्षिणा केली. त्या प्रवासांत फेब्रुवारी १८७९ मध्यें ते सपत्नीक मुंबई बंदरांत उतरले व मलबार पॉइंट येथील सरकारी बंगल्यांत राहिले. ज्याचा त्या दिवशीं मुंबईंत एवढा मानसन्मान झाला, त्याच्या घरांत पांच वर्षांनीं खर्चाला पैसा उरणार नव्हता.

न्यूयॉर्क येथें स्थायिक झाल्यावर ग्रँट यांनीं आपली सर्व पुंजी एका पेढींत गुंतविली. त्या पेढींत त्यांचा मुलगा भागीदार होता. परंतु सारा कारभार फर्डिनंड वॉर्ड नांवाच्या तरुण भागीदाराच्या हातीं होता. ४ मे १८८४ रोजीं वॉर्ड घरीं आला आणि पेढीस तातडीनें दीड लाख डॉलरांची गरज असल्याचें त्यानें सांगितलें. कुबडीचा आधार घेऊन चालणारे ग्रँट (आदल्या हिंवाळ्यांत बर्फावरून घसरून त्यांचा पाय दुखावला होता) धनाढ्य व्हँडरबिल्ट यांच्याकडे गेले व शब्दावर ती रक्कम घेऊन आले. दोन दिवसांत पेढीचें दिवाळें निघालें. वॉर्डनें सर्वांसच फसविलें होतें. नवराबायको मिळून घरांत सुमारें दोनशें डॉलर शिल्लक होते. व्हँडरबिल्ट यांनीं कर्ज सोडून देण्याची तयारी दाखविली, पण ग्रँट यांनीं तें मानलें नाहीं. घरेंदारें, मानाच्या तरवारी, देशोदेशींच्या राजांनीं दिलेल्या भेटी, सर्व कांहीं त्यांनीं त्या कर्जापोटीं लावून दिलें.

याच उन्हाळ्यांत, समुद्रकांठच्या लाँग ब्रँच या गांवीं जेवतांना त्यांनीं पीच नांवाचें फळ तोंडांत घातलें आणि घशांत गांधीलमाशी डसावी तशी कळ आली. प्रथम त्यांस वाटलें कीं फळांत किडाच होता. दुखणें थांबेना, तरीही नेहमींचे डॉक्टर युरोपांत गेले असल्यानें त्यांनीं तें अंगावर काढलें. अखेर ऑक्टोबर १८८४ मध्यें ते घशाच्या रोगांचे तज्ज्ञ डॉक्टर जॉन डग्लस यांच्याकडे गेले. जिभेच्या मुळाशीं व टाळूवर रोगाच्या खुणा स्पष्ट होत्या. ग्रँट यांनीं सरळ विचारलें, हा कर्करोग आहे काय? डग्लस यांनीं तो शब्द उच्चारला नाहीं. पण रोग गंभीर आहे, आणि असे रोग कधीं कधीं बरे होतात, एवढें सांगून त्यांनीं खोटेंही सांगितलें नाहीं. सेनापतीला उत्तर समजलें.

त्या काळीं या रोगावर फारसा इलाज नव्हता. क्ष-किरणांचा शोध लागावयास अजून अकरा वर्षें होती. कोकेनच्या द्रवानें शरीराचा भाग बधिर करतां येतो, हें कार्ल कोलर या व्हिएन्नाच्या डॉक्टरनें त्याच वर्षीं दाखविलें होतें; तो द्रव डग्लस ग्रँट यांच्या घशाला लावीत. तेवढाच विसांवा. पाण्याचा घोटही जळत्या रसासारखा वाटे. नोव्हेंबरांत त्यांनीं चिरूट सोडला. परंतु आतां फार उशीर झाला होता.

शरीराचें हें झालें. मनाचें काय? लढाईंत शेजारीं गोळे फुटत असतां ज्याचा हात कापला नाहीं, तो मनुष्य त्या हिंवाळ्यांत तासचे तास खुर्चींत बसून समोरच्या भिंतीकडे एकटक पाहत राही. जगण्याची इच्छाच मावळली आहे असें जवळच्या माणसांस दिसूं लागलें. रोगाची खरी वार्ता त्यांनीं प्रथम घरांतही नीटशी सांगितली नाहीं. ती जूलियाबाईंस पुढें कळली. हातीं घेतलेलें लिखाण बाजूस पडलें. रात्र झाली कीं घसा बंद होऊन आपण गुदमरणार, या भीतीनें झोंप उडे. आडवें होण्याची सोय राहिली नाहीं. समोरासमोर मांडलेल्या दोन चामडी खुर्च्यांवर बसून ते रात्र काढीत.

येथें वाचकांनीं क्षणभर थांबावें अशी आमची विनंति आहे. या खिन्नतेस भ्याडपणा म्हणावयाचें काय? ज्या माणसाचें धैर्य सर्व जगानें पाहिलें होतें, त्यालाही या रोगानें असें पाडलें, यावरून आम्ही एकच अनुमान काढतों: कर्करोग्याच्या मनाची अशी अवस्था हा त्याच्या स्वभावाचा दोष नव्हे. ती दुखण्याचाच एक भाग होय. आणि बारकाईनें पाहिलें तर ग्रँट यांस मृत्यूचें भय तितकेंसें नव्हतें. आपल्यामागें पत्नीचें कसें होईल, फसवणुकीचा डाग नांवावर तसाच राहील काय, आपण आतां कोणाच्या उपयोगाचे उरलों काय, आणि रात्रीं श्वास कोंडेल काय, या चार विवंचना त्यांस खात होत्या. यांतील प्रत्येक विवंचनेस कोणीतरी हात घातला, तसतसें त्यांचें मन सावरत गेलें. हा क्रम मोठा बोधप्रद आहे.

प्रथम काम मिळालें. यादवी युद्धावर लेख लिहून देण्याची मागणी ‘सेंच्युरी’ मासिकानें केली होती. पहिला लेख सरकारी अहवालासारखा रुक्ष झाला. संपादकमंडळींतील जॉन्सन यांनीं घरीं येऊन त्यांस बोलतें केलें, आणि जसें बोलतां तसेंच लिहा असें सुचविलें. आपल्याला लिहितां येतें, हा शोध ग्रँट यांस वयाच्या ६२ व्या वर्षीं लागला. त्यांतून आत्मचरित्राची कल्पना निघाली. मग मार्क ट्वेन हे विनोदी लेखक पुढें आले. त्यांनीं नुकतीच स्वतःची प्रकाशनसंस्था काढली होती. दुसरे प्रकाशक देत होते त्याच्या कितीतरी पट, म्हणजे निव्वळ नफ्याचे शेंकडा ७०, देण्याचें त्यांनीं कबूल केलें, आणि २७ फेब्रुवारी १८८५ रोजीं करार झाला. पुढच्याच आठवड्यांत, ४ मार्च रोजीं, अमेरिकेच्या प्रतिनिधिसभांनीं ग्रँट यांस निवृत्त जनरलाचा हुद्दा व वेतन परत बहाल केलें. घराची चिंता व नांवाची चिंता, दोन्ही कांहींशा हलक्या झाल्या.

रात्रीच्या भयावर इलाज केला तो डॉक्टर जॉर्ज श्रेडी यांनीं, आणि त्यांत औषधाचा थेंबही नव्हता. एके रात्रीं ग्रँट यांस कांहीं केल्या झोंप येईना. श्रेडी यांनीं त्यांस सांगितलें कीं आपण पुन्हां लहान मूल झालां आहां असें समजा. मग त्यांस कुशीवर वळवून, पाय पोटाशीं घ्यावयास लावून, हात उशीखालीं ठेवून अंगावर पांघरूण नीट गुंडाळलें. सैन्यांचा तो धनी थोड्याच वेळांत मुलासारखा गाढ झोंपीं गेला. ही हकीकत वाचतांना आमचे डोळे पाणावले, हें सांगण्यास आम्हांस संकोच वाटत नाहीं.

याचा अर्थ पुढचा मार्ग सुखाचा झाला असा नव्हे. मार्चपासून वर्तमानपत्रांचे बातमीदार त्यांच्या दारापुढें तळ देऊन बसले. एप्रिलच्या आरंभीं ते जातात कीं राहतात अशी वेळ आली. धर्मोपदेशक न्यूमन यांनीं त्यांस बाप्तिस्मा दिला, आणि डॉक्टरांनीं ब्रँडीचीं इंजेक्शनें देऊन नाडी चालू ठेवली. त्यांतून ते उठले व पुन्हां लिहावयास बसले. मग हें पुस्तक त्यांचे जुने सहकारी अ‍ॅडम बॅडो हेच लिहीत आहेत असें एका पत्रानें छापलें, आणि बॅडो यांनींही अधिक पैशांची मागणी केली. मरणाच्या दारांतल्या माणसाच्या मनाला ही जखम खोल लागली. परंतु त्यांनीं सविस्तर उत्तर लिहून तो संबंध तोडला, आणि पुढील पानें स्वतःच पुरीं करावयास घेतलीं. प्रथम ते लघुलेखकास मजकूर सांगत. आवाज बसूं लागला, तेव्हां त्यांनीं स्वतः हातीं पेन्सिल घेतली. मॉर्फिननें दुःख थांबे पण बुद्धि मंद होई, म्हणून लिहावयाचें असेल त्या वेळीं ते शक्य तितकें कमी घेत.

१६ जून १८८५ रोजीं त्यांस साराटोगाजवळील मौंट मॅग्रेगर या थंड हवेच्या टेंकडीवर नेण्यांत आलें. आतां आवाज जवळजवळ गेला होता. डॉक्टरांशीं, मुलांशीं, पाहुण्यांशीं ते कागदाच्या चिठ्ठ्यांवर बोलत. त्या चिठ्ठ्यांत दुःख आहे, थकवा आहे, कोकेनची संवय सोडणें किती कठीण तें आहे, आतां हें संपावें अशी इच्छाही कोठें कोठें आहे. आणि मधूनच विनोद आहे. एका चिठ्ठींत त्यांनीं व्याकरणाचा आधार घेऊन स्वतःस सर्वनाम न मानतां क्रियापद मानलें आहे, कारण असणें, करणें व सोसणें हे तिन्ही अर्थ आपल्या ठिकाणीं एकवटले आहेत असें त्यांस वाटलें. आमच्या व्याकरणाच्या तासाला याहून चांगलें उदाहरण आम्हांस आजवर मिळालेलें नाहीं.

टेंकडीवर त्यांस भेटावयास येणारांत सायमन बकनर हे होते. १८५४ सालीं राजीनामा देऊन कफल्लक झालेल्या ग्रँट यांस न्यूयॉर्कांत याच बकनरांनीं मदत केली होती. आणि १८६२ सालीं फोर्ट डोनेल्सन येथें दक्षिणेचे सेनापति म्हणून हेच ग्रँट यांस शरण आले होते. जुलैंत हे दोघे वृद्ध शेजारीं बसले, एक बोलत होता व दुसरा लिहीत होता. दक्षिणेच्या जुन्या शिपायांचींही सहानुभूतीचीं पत्रें येत होतीं. आपला आजार लांबला त्यामुळें दोन्ही बाजूंचें हें सौहार्द डोळ्यांनीं पाहतां आलें, याचें ग्रँट यांस समाधान वाटे.

जुलैच्या तिसऱ्या आठवड्यांत पुस्तक पुरें झालें. एक वर्षाच्या आंत, अशा यातनांत, त्यांनीं दोन मोठे खंड लिहून हातावेगळे केले होते. २० जुलै रोजीं चाकांच्या खुर्चींतून त्यांस टेंकडीच्या कडेला नेण्यांत आलें. परत आले ते अगदीं गळून. २३ जुलै १८८५ रोजीं सकाळीं, सर्व कुटुंब भोंवतीं असतां, त्यांनीं प्राण सोडला. त्यांच्या कपड्यांत जूलियाबाईंस लिहिलेलें पत्र निघालें. जेथें पत्नीलाही आपल्या शेजारीं चिरविश्रांति मिळेल अशाच ठिकाणीं पुरावें, अशी त्यांची इच्छा होती. लष्करी विद्यालयाच्या भूमींत तें शक्य नसल्यानें न्यूयॉर्क शहर ठरलें. त्यांच्या शवपेटीबरोबर उत्तरेचे शेर्मन व शेरिडन आणि दक्षिणेचे जॉन्स्टन व बकनर असे चारही सेनापति चालले. पुस्तकाचे तीन लाखांवर संच खपले, आणि जूलियाबाईंस त्यापोटीं सुमारें साडेचार लाख डॉलर मिळाले.

विद्यार्थिमित्रहो, धैर्यानें कर्करोग बरा होतो, असें या चरित्रावरून कोणी समजूं नये. ग्रँट यांचें धैर्य अलौकिक होतें, तरी रोगानें त्यांस नेलेंच. आणि जो रोगी खचतो त्याला, धीर धरला असतास तर वांचला असतास, असें सुचविणें हें क्रौर्य होय. आतां वैद्यकानेंही हें ओळखलें आहे. इस्पितळांत उपचार घेणाऱ्या दर तीन कर्करोग्यांपैकीं सुमारें एकास उपचार करण्याजोगा मानसिक त्रास असतो, असें संशोधक सांगतात. १९९० नंतरच्या दशकांत अमेरिकेंतील तज्ज्ञांनीं ताप मोजावा तसा मनस्ताप मोजण्याची शून्य ते दहा अंशांची पट्टी तयार केली. तिच्या जोडीला पैसा, घर, मुलें, झोंप, भीति अशा अडचणींची यादी असते. ती यादी पाहतांना आम्हांस मौंट मॅग्रेगरच्या चिठ्ठ्या आठवल्या.

आणखी एक कागद आठवला. आमच्या एका वडीलधाऱ्या आप्तांस हा रोग झाला, तेव्हां आम्हीं सर्वांनीं मिळून त्याचें नांव त्यांच्यापासून लपविलें. रोज भेटावयास जावें, पाऊसपाण्याच्या गोष्टी काढाव्या, आतां लवकरच बरें वाटेल म्हणावें आणि उठावें. त्यांस सर्व ठाऊक होतें. आम्हांला वाईट वाटूं नये म्हणून तेही गप्प राहिले. ते गेल्यावर उशीखालीं एक घडी घातलेला कागद मिळाला. कोणाचें किती देणें राहिलें आहे, त्याचा तपशील त्यांनीं थरथरत्या अक्षरांत लिहून ठेवला होता. एकंदर रक्कम फार नव्हती. आम्ही एकदां विचारलें असतें, तर एका संध्याकाळीं तिची सोय झाली असती, आणि त्यांच्या कित्येक रात्री सुखाच्या गेल्या असत्या.

तंबाखू कोणत्याही रूपानें तोंडाला लावूं नये, हा उपदेश आम्ही वर्गांत नेहमीं करतों व येथेंही करतों. आपल्या देशांत तोंडाच्या कर्करोगाचें तें मोठें कारण आहे. परंतु या चरित्रावरून आम्ही स्वतः जें शिकलों तें निराळें आहे. अशा रोग्याच्या खोलींत जाल तेव्हां उभ्या उभ्या धीर देऊन परतूं नका. खुर्ची ओढून बसा, आणि त्याच्या मनाला काय टोंचत आहे तें विचारा. त्याला बोलवत नसेल, तर जवळ एक कागद व पेन्सिल ठेवा.